जमा, खर्च आणि पायाखालची जमीन

आमच्या घरात गेले दोन महिने एका वहीवरून कुरबुर चालू आहे. साधी लांबट दोनशे पानी वही. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च अशा रेघा मीच मारून दिल्या आणि चूक तिथेच झाली, कारण जमेची बाजू अहोंनी स्वतःकडे घेतली. रोज सकाळी लॅपटॉप उघडून बसायचं आणि कुठल्या क्रूझच्या जहाजावर काय काय मिळतंय ते टिपून काढायचं. ड्रिंक्स पॅकेज फुकट. वायफाय फुकट. लॉन्ड्री फुकट. टिप्स कंपनीकडून. ऑनबोर्ड क्रेडिट अमुक इतकं. एकदा तर नुसतंच 'बाथरोब' असं लिहिलेलं सापडलं. मग दुपारी मी वही घेऊन बसते आणि प्रत्येक 'फुकट'वर लाल पेनाने काट मारते. तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशोब तपासण्यात गेली माझी, हात आपोआप जातो.

"अगं पण खरंच देतायत ते," अहो म्हणतात.

"देतायत नाही, विकतायत. भाड्यात घालून."

विषय क्रूझचा आहे हे एव्हाना कळलंच असेल. साधीसुधी आठवड्याची नाही, लांबची, जगाला वळसा घालणारी, शंभरच्या वर रात्री असलेली. या क्रूझ बहुधा जानेवारीत निघतात, म्हणजे उत्तरेकडे कडाक्याची थंडी असताना जहाज दक्षिणेच्या उन्हाळ्यात हिंडतं आणि वसंत सरता सरता परत येतं. हे वेड काही नवीन नाही, १९२२ साली क्युनार्डचं लॅकोनिया नावाचं जहाज न्यूयॉर्कहून निघालं आणि पृथ्वीला चक्कर मारून १९२३ मध्ये परत आलं, तेव्हापासून माणसं हा उद्योग करतायत. आमच्या घरात मात्र हे वेड वन्संनी आणलं. वन्सं म्हणजे माझी नणंद, अहोंच्या थोरल्या बहीण, एकट्या राहतात, आणि पासष्टाव्या वर्षी कुणालाही न विचारता अशी एक अख्खी क्रूझ करून आल्या. तेव्हापासून अहोंच्या डोक्यात भुंगा शिरलाय.

आमची स्वतःची आजवर एकच क्रूझ झाली आहे, सात रात्रींची. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण मला आठवते ती शेवटची रात्र. मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या परस्पर खाली उतरवतात, आणि अहोंनी बॅग भरताना चष्मासुद्धा बॅगेत टाकून ती बाहेर ढकलून दिली होती. पहाटे कधीतरी दाराखालून कागद सरकल्याचा आवाज आला. बिल. मग मी उशाशी असलेल्या त्या बारक्या दिव्यात ते मोठ्याने वाचतेय आणि हे डोळे मिटून ऐकतायत, एखाद्याला निकाल वाचून दाखवावा तसं. सर्व्हिस चार्ज, दर माणशी दर दिवशी. कॉफी, म्हणजे बुफेतली नाही, ती कोपऱ्यातल्या कॅफेतली. एक फोटो, ज्यात आमच्या मागे पडद्यावर छापलेला सूर्यास्त आहे, खरा सूर्यास्त तेव्हा दहा पावलांवर होत होता. वायफाय. मग पाण्याच्या बाटल्या.

"त्या तर ठेवलेल्याच होत्या ना केबिनमध्ये?"

"ठेवलेल्या होत्या. दिलेल्या नव्हत्या."

तिकिटाचे शंभर धरले तर वर आणखी पंचेचाळीस गेले होते. सात रात्रींत हे हसण्यावारी नेता येतं. पण 'दर माणशी दर दिवशी' हे चार शब्द शंभर रात्रींच्या क्रूझला लावून बघा, दोन माणसं गुणिले शंभर दिवस, म्हणजे जी काय रक्कम असेल तिला थेट दोनशेने गुणायचं. म्हणून मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात '× २००' असं लिहून ठेवलंय. अहोंना ते शाप दिल्यासारखं वाटतं.

या एका गुणाकाराने जमेच्या बाजूचं रूपच बदलतं. टिप्स भाड्यात धरलेल्या असणं ही सात रात्रींच्या क्रूझमध्ये किरकोळ सवलत आहे, शंभर रात्रींत ती घसघशीत रक्कम आहे, तिथे मी काट मारली तरी बाजूला आकडा लिहिला. ड्रिंक्स पॅकेजचं उलट. बहुतेक ठिकाणी नियम असा की केबिनमधल्या एकाने घेतलं तर दुसऱ्या मोठ्या माणसानेही घ्यायचं. मी घेत नाही, अहो घेतात तेही कधीमधी, आणि ज्या दिवशी जहाज बंदराला असतं त्या दिवशी माणूस सकाळपासून बाहेर, मग पैसे वसूल करायला रात्री येऊन बसून प्यायचं का? "वसूल करायला प्यायलं की तो व्यसनाचाच एक प्रकार," असं मी म्हटलं आणि ते पॅकेज वहीतून गेलं.

लॉन्ड्रीवर मात्र आमचं एकमत आहे. आठवड्याच्या क्रूझला कोण कपडे धुतं? पण चार महिने म्हणजे... विचार करा, दोन बॅगांत मावतील तेवढे कपडे, मधे विषुववृत्त, मधे थंडी, आणि दर नगाला पैसे मोजून धुवून घेतले तर शर्टाच्या किमतीइतकी धुलाई व्हायची. काही जहाजांवर प्रवाशांसाठी मशीनची खोली असते. वन्संच्या मते जहाजावरची सगळी खरी भांडणं त्या खोलीत होतात, कुणाचे तरी ओले कपडे मशीनमधून काढून वर ठेवले या कारणावरून. त्यामुळे ज्या लांबच्या क्रूझमध्ये धुलाई भाड्यात आहे तिला वहीत दोन बरोबरच्या खुणा आहेत.

ऑनबोर्ड क्रेडिट म्हणजे जहाजावरच खर्च करायचे पैसे. ते दोन जातींचे असतात, एक उरलं तर परत मिळतं आणि दुसरं शेवटच्या रात्री संपतं. दुसरं जास्त असतं. वन्संच्या दिवाणखान्यात एक पितळी होकायंत्र आहे, पाहुण्यांना वाटतं कुठल्यातरी बंदरातल्या जुन्या बाजारातून शोधून आणलंय. ते उरलेल्या क्रेडिटचं आहे, जहाजावरच्या दुकानातलं, शेवटच्या संध्याकाळी दुसरं काही शिल्लक नव्हतं म्हणून घेतलेलं. त्याची सुई उत्तर दाखवत नाही.

केबिनबद्दल मी फार लिहीत नाही, त्यावर लोक रात्र रात्र बोलू शकतात. एवढंच सांगते की कंपनी देईल ती केबिन घ्यायची आणि त्या बदल्यात स्वस्त भाडं, हा सौदा आठवड्यासाठी ठीक आहे, चार महिन्यांसाठी नाही. आमची ती सात रात्रींची केबिन बरोबर वरच्या पूल डेकच्या खाली होती. पहाटे साडेपाचला डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज सुरू व्हायचा, एकेक, सावकाश, कुणीतरी मुद्दाम मोजून ओढतंय असा. वन्संचा सल्ला असा की वरही केबिन आणि खालीही केबिन अशी बघा, आणि शक्यतो जहाजाच्या मधोमध, खालच्या बाजूला, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. बाल्कनी हवीच असं नाही. पण खिडकी हवी, खिडकीशिवाय शंभर दिवस काढले तर सकाळ झाली हे फोनकडून कळायचं.

आता वन्संची गोष्ट आलीच आहे तर तेही सांगून टाकते. क्रूझचं भाडं दर माणशी छापतात, पण ते दोघांनी मिळून घेतलेल्या केबिनचं. एकट्या माणसाला सिंगल सप्लिमेंट लागतं, आणि ते कित्येकदा शंभर टक्के असतं, म्हणजे न आलेल्या माणसाचंही भाडं भरायचं. एकट्यांसाठी छोट्या केबिन बांधायला काही जहाजांनी सुरुवात केली, २०१० मध्ये नॉर्वेजियन एपिकवर अशा १२८ होत्या, पण लांबच्या क्रूझवर त्या मोजक्याच असतात आणि आधी संपतात. वन्संनी मागच्या वेळी दोघांचं भरलं. "रिकाम्या पलंगाचं भाडं भरलं मी, त्यावर निदान पुस्तकं तरी पसरली," म्हणाल्या.

मी हिशोबी बाई, मला लगेच सुचलं की तिघांत एकच केबिन घेऊ या, तिसऱ्या माणसाला भाडं बरंच कमी पडतं. वन्सं फोनवर थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, तिसरा पलंग म्हणजे रोज रात्री उघडायचा सोफा, नाहीतर छतातून खाली येणारी फळी. त्या फळीवर शंभर रात्री, खाली माझा भाऊ घोरतोय. तू हिशोब बरोबर केलास, पण माणसं चुकीची धरलीस."

ती ओळ मी खोडली.

खरा वाद मात्र बंदरांवरून झाला, आणि तिथेच मला माझा तिसरा रकाना सापडला.

अहो बंदरं मोजत होते. या क्रूझला ३८, त्या क्रूझला ४४, मग चव्वेचाळीसवाली भारी. मी छापील कार्यक्रम नीट वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं की मोठ्या अक्षरात छापलेलं शहर आणि जहाज प्रत्यक्षात लागतं ते बंदर यांचा पुष्कळदा फारसा संबंध नसतो. 'रोम' लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिव्हितावेक्कियाला, तिथून रोम सत्तरेक किलोमीटर. 'बँकॉक' म्हणजे लेम चाबांग, सव्वाशेच्या आसपास. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, जवळजवळ दोनशे. आणि 'बर्लिन' म्हणजे बाल्टिक समुद्राच्या काठावरचं वार्नेम्युंडे, तिथून बर्लिनला जायला तीन तास आणि यायला तीन तास.

मग मी एकेका बंदराचे तास काढले. ल हाव्रला समजा जहाज सकाळी सातला लागलं आणि संध्याकाळी सातला सुटलं. कागदावर बारा तास. जहाज बांधून परवानगी मिळून शिडी खाली येईपर्यंत पाऊण तास. बस जायला तीन, यायला तीन. सुटायच्या निदान अर्धा तास आधी सगळ्यांनी जहाजावर हजर असायचं असतं. उरले पावणेपाच. त्यातून चाळीस माणसं बसमधून उतरणं, मोजणं, एक बाई हरवणं, ती सापडणं, जेवण, आणि टूरवाल्यांच्या लाडक्या दुकानापाशी 'फक्त वीस मिनिटं', हे सगळं वजा करा. पॅरिस किती उरलं? तीन तास म्हणू या. आणि त्या टूरचे पैसे भागिले तीन केले की जो आकडा येतो तो मी अहोंना वाचून दाखवला. चष्मा होता या वेळी.

तर तिसरा रकाना: पायाखालची जमीन, तासांत.

त्या रकान्याने सगळा क्रमच उलटापालटा झाला. ज्यांची नावं अहोंनी बारीक अक्षरात लिहिली होती ती बंदरं वर आली. माल्टातलं व्हॅलेटा घ्या. जहाज तटबंदीच्या पायथ्याशीच लागतं, वर जायला लिफ्ट आहे, २०१२ साली बांधलेली, ५८ मीटर उंच. वर गेलं की बागेच्या कठड्यावरून खाली आपलंच जहाज. टूर कशाला हवी? सिडनीत सर्क्युलर की धक्क्याला जागा मिळाली तर जहाजातून उतरून ऑपेरा हाउसपर्यंत चालत जाता येतं. मॉन्टेनेग्रोतल्या कोतोरला तर बंदरात शिरणं हाच कार्यक्रम, दोन्ही बाजूंना डोंगर, मधून चिंचोळं पाणी, आणि शेवटी गावाची भिंत. पिरेअसहून अथेन्सला मेट्रो जाते.

ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाचं प्रकरण निराळंच. जहाज तिथे धक्क्याला लागत नाही, पाण्यातच थांबतं, छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर सोडतात. खाली उतरलं की वर कड्यावर गाव, आणि जायला तीन वाटा: केबल कार, गाढव, किंवा जवळपास सहाशे पायऱ्या. त्या दिवशी आणखी तीन जहाजं आली असली की केबल कारची रांग उन्हात तास तास. वर २०२५ पासून ग्रीसने क्रूझच्या प्रवाशांवर कर बसवलाय, सँटोरिनी आणि मिकोनोसला ऐन हंगामात माणशी २० युरो. व्हेनिसने तर २०२१ च्या ऑगस्टपासून मोठी जहाजं सान मार्को चौकासमोरच्या पाण्यातून बंदच केली. ज्या फोटोसाठी लोक क्रूझ घेतात तो फोटो आता त्या डेकवरून निघत नाही, आणि काही जाहिरातीत तो अजून आहे.

मग जहाजाची टूर घ्यायची की आपलं आपण जायचं? यावर वन्संचं एकच वाक्य आहे आणि मला ते अजून खोडता आलेलं नाही: "परतीचा रस्ता लांब असेल आणि एकच असेल तर जहाजाची टूर, नाहीतर आपले पाय." कारण जहाजाच्या टूरची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, आणि नाहीच थांबलं तर पुढच्या बंदरापर्यंत न्यायची जबाबदारी त्यांची. आपण स्वतः गेलो आणि ट्रेन बंद पडली तर जहाज गेलं, पुढच्या बंदराला विमानाने, आपल्या खर्चाने. वन्सं सांगतात, जहाज सुटायच्या वेळी कठड्यापाशी गर्दी जमते, धावत येणाऱ्यांना बघायला. एकदा एक गृहस्थ पिशव्या सांभाळत धक्क्यावरून पळत होते आणि सातव्या मजल्यावरून दोनशे माणसं त्यांना टाळ्या वाजवून ओरडत होती, आणि त्यांची बायको शांतपणे त्या दोनशेत उभी होती. ती वेळेवर आली होती.

टेंडरच्या बंदरांत आणखी एक आहे. बोटींचे नंबर लागतात आणि जहाजाची टूर घेतलेल्यांना आधी सोडतात, बाकीचे नंबराचं तिकीट हातात धरून बसतात. म्हणजे तिथे टूरच्या पैशात तासभर जमीनही विकत मिळते. हे मात्र मी जमेत धरलं.

अहोंचं स्वप्न होतं माचू पिचू, इन्का लोकांचं डोंगरातलं जुनं शहर. जहाज पेरूत कायाओला लागतं, तिथून काही प्रवासी विमानाने कुस्कोला जातात, तिथून पुढे, आणि तीन-चार दिवसांनी परत जहाज गाठतात, याच बंदरात किंवा पुढच्या. भाव बघून मी आधी पाणी प्यायले. पण नुसता भाव हा मुद्दा नव्हता. त्या तीन-चार रात्री आपली जहाजावरची केबिन रिकामी असते आणि तिचं भाडं चालूच असतं, जेवणाचंही. म्हणजे एकाच रात्रीचे दोन ठिकाणी पैसे. शिवाय कुस्को ३,४०० मीटरवर आहे, समुद्रसपाटीवरून, अगदी शब्दशः समुद्रसपाटीवरून, एका दिवसात तिथे. अहोंचा बीपी आणि गुडघे दोघांनी मिळून या ठरावाविरुद्ध मत दिलं. दोन दिवस घरात शांतता होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच त्या ओळीवर काट मारली, पण निळ्या पेनाने, म्हणजे ती माझी काट नाही हे कळावं.

बीपीवरून इन्शुरन्स आला. तो एका ओळीत: जहाजावरच्या डॉक्टरचं बिल वेगळं असतं, भर समुद्रातून किंवा परक्या बंदरातून पेशंट हलवायचा खर्च आपल्या नेहमीच्या पॉलिसीत बहुधा नसतो, आणि आधीचे आजार लपवले तर पॉलिसी घेतली काय न घेतली काय. हा आकडा मी भाड्यातच धरला, वजा करायची सोयच ठेवली नाही.

आणि एवढं सगळं करून, छापलेलं बंदर मिळेलच असं नाही. तिकिटाच्या करारात लिहिलेलंच असतं की कंपनी बंदर बदलू शकते, गाळू शकते, आणि मग त्या बंदराची फी तेवढी परत मिळते, तीही कित्येकदा ऑनबोर्ड क्रेडिट म्हणून. (होकायंत्र आठवा.) ईस्टर आयलंडला मोठ्या जहाजासाठी धक्का नाही, लाटा जास्त असल्या तर टेंडर सोडत नाहीत, माणसं डेकवरून लांबून बेट बघतात आणि जहाज पुढे जातं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा कित्येक वर्ल्ड क्रूझ सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेल्या, लोकांनी इजिप्तमधल्या लक्सरची टूर बुक केलेली होती, ते पोचले केपटाउनला. जहाजाकडून घेतलेल्या टूरचे पैसे अशा वेळी परत मिळतात, बाहेरच्या कुणाला आगाऊ दिलेले मिळतील न मिळतील. म्हणून भरवशाच्या नसलेल्या बंदरांपुढे मी पेन्सिलीने लिहिलंय. अंटार्क्टिकापुढे तर मी प्रश्नचिन्हच टाकलं होतं, कारण पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेली जहाजं तिथे कुणाला उतरवत नाहीत, आणि उतरवणारी जहाजंसुद्धा एका वेळी एका ठिकाणी शंभरच माणसं उतरवतात. मोठ्या जहाजाच्या स्वस्त तिकिटात अंटार्क्टिका असतं खरं, पण पायाखालची जमीन शून्य तास.

सगळ्यात जास्त वेळ माझा एका रिकाम्या खान्यात गेला. कार्यक्रमात एक तारीखच नव्हती. मला वाटलं छापताना राहिली. मग कळलं, पश्चिमेकडे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की एक दिवस गायब होतो, सोमवारी झोपायचं आणि बुधवारी उठायचं. माझ्यातला ऑडिटर खडबडून जागा झाला, मंगळवार कुणी खाल्ला? पण पश्चिमेला जाताना वाटेत दर काही रात्रींनी घड्याळ एक तास मागे करतात, ती रात्र पंचवीस तासांची. पूर्ण वळसा घातला तर अशा चोवीस रात्री मिळतात. चोवीस जमा, चोवीस खर्च. ताळेबंद जुळला! पूर्वेकडे जाणाऱ्यांना एक तारीख दोनदा मिळते, पण रात्री तेवीस तासांच्या, आणि वन्सं म्हणतात की त्या जहाजावरची माणसं नाश्त्याला चिडलेली असतात.

आता शेवटचं काय ठरलं ते. अख्खी क्रूझ नाही घेतली. शंभरच्या वर रात्रींचा दर एका रात्रीमागे स्वस्त पडतो, सोयी जास्त मिळतात, आणि निघालो तिथेच परत येतो म्हणून विमानाचं तिकीटही सोपं, हे सगळं वहीत आहे आणि बरोबर आहे. पण वर्ल्ड क्रूझ तुकड्यांतही विकतात, आणि वन्संनी त्यांच्या क्रूझबद्दल एकदा सहज सांगितलेलं मला विसरता येत नव्हतं, की साठाव्या दिवसानंतर त्या कितीतरी बंदरांवर उतरल्याच नाहीत. तिकडचं चर्च इकडच्या देवळासारखं दिसायला लागलं होतं. म्हणजे पैसे भरून, उंबरठ्यापर्यंत जाऊन, पायाखाली जमीन शून्य. म्हणून फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलपासून सिडनीपर्यंतचा तुकडा, चाळीसच्या आसपास रात्री, पनामा कालव्यातून पॅसिफिकमध्ये. दर तिसऱ्या बंदरासमोर मी मुद्दाम काही लिहिलेलं नाही. वाररेषा या तुकड्यात येते, त्यामुळे आम्हाला पंचवीस तासांच्या आठच रात्री मिळणार आणि चोवीस तास एकदम जाणार, बाकीचे सोळा तास सिडनीनंतर जहाजावर राहणाऱ्यांच्या वाट्याला. हे मी अहोंना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सोळा तासांसाठी तू अजून दोन महिने राहणार आहेस का?" वन्सं येतायत, वेगळ्या केबिनमध्ये, पुस्तकांना पलंग देऊन.

काल शेवटची नोंद केली, पनामाची. तिथे उतरायचं नाहीच, दिवसभर नुसतं जहाजावरून बघायचं. कालवा १९१४ चा, ८० किलोमीटर, जहाज पाण्याच्या पायऱ्या चढत २६ मीटर वर जातं, सरोवरातून पलीकडे, आणि परत तेवढंच खाली, आठ-दहा तासांचा खेळ. जुन्या लॉकची, म्हणजे पाणी भरून जहाज वर उचलणाऱ्या हौदांची, रुंदी साडेतेहतीस मीटर, त्यात मावणारी मोठ्यात मोठी जहाजं बत्तीसच्या वर, म्हणजे दोन्ही बाजूंना हातभर जागा. वन्संची केबिन तेव्हा खालच्या डेकवर होती. खिडकीबाहेर समुद्राच्या जागी ओली, शेवाळलेली काँक्रीटची भिंत आली, इतकी जवळ की खोलीत अंधार झाला. मग पाणी भरायला लागलं आणि भिंत हळूहळू खाली सरकायला लागली. भिंतीवर एक कामगार उभा होता. त्यांना आधी त्याचे बूट दिसले, मग गुडघे, मग चेहरा, अगदी समोर, काचेपलीकडे, तो हसला, वन्संनी नकळत हात हलवला, आणि मग त्याच्या हेल्मेटचा माथा दिसला आणि तोही खाली गेला.

हे त्यांनी आम्हाला चार वेळा सांगितलंय.

अहोंनी त्या ओळीत जमेच्या बाजूला ठळक अक्षरात लिहिलं: फुकट. आणि वही माझ्यापुढे सरकवून बघत बसले. मी लाल पेन उघडलं. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि टोपण लावून टाकलं. मग पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, बाजूला लिहिलं: कालव्याचा टोल प्रवासी जहाजाला बर्थमागे लागतो, भाड्यात आला.